गाडी सुरू होईपर्यंत

नाडी मोजताना मी घड्याळाकडे बघते, पेशंटच्या चेहऱ्याकडे नाही. म्हणून त्या सकाळी काय झालं ते आधी माझ्या बोटांना कळलं. ७२ च्या संथ लयीत चाललेली नाडी एकाएकी पळायला लागली. खाली गॅरेजमध्ये गाडीचं दार लागल्याचा आवाज आला होता, बाकी काहीच नाही. मग इंजिन सुरू झालं, जमिनीतून बारीक थरथर वर आली, गाडी बाहेर पडली, आणि नाडी हळूहळू खाली उतरली. मी मान वर केली. आजोबांनी डोळे गच्च मिटले होते आणि कपाळ घामेजलं होतं.

"दुखतंय का कुठे?"

"नाही," ते म्हणाले. "ती गेली."

ती म्हणजे त्यांची बायको. रोजच्यासारखी सकाळच्या प्रार्थनेला चर्चमध्ये गेली होती.

ही गोष्ट २४ सप्टेंबर २०१४ ची. मी तेव्हा अमेरिकेत, ओहायोतल्या यंग्सटाउनमध्ये घरोघरी जाऊन फिजिओथेरपी द्यायचे. क्लीव्हलंड आणि पिट्सबर्गच्या मधोमध, माहोनिंग नदीकाठचं हे पोलादाचं शहर. १९३० साली इथे १,७०,००० माणसं राहत होती, २०१० च्या जनगणनेत ६७,००० उरली. रस्ते आणि चर्चं अजून मोठ्या शहराच्या मापाची आहेत आणि एकेका गल्लीत चार घरांत दिवा, सहा घरं बंद. लालबागच्या चाळीत वाढलेल्या मला ती शांतता सोसायला फार दिवस लागले. बाबा गिरणीत होते. १९८२ चा संप झाला तेव्हा मी चार वर्षांची होते. गिरणी बंद पडली की घरात काय होतं, हे मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

(ते आजोबा आणि त्यांच्या पत्नी आता हयात नाहीत. ओळख पटेल असे तपशील मी बदललेत.)

फाइल हातात देतानाच ऑफिसातल्या एका जुन्या नर्सबाईंनी मला बाजूला घेतलं. "तळघरात जाऊ नकोस. जुन्या दिवसांबद्दल काही विचारू नकोस. तो त्यांच्यातला आहे." त्यांच्यातला म्हणजे कोणाचा, हे त्या शहरात कुणी फोड करून सांगत नाही. मी विचारलं, कशावरून? तर म्हणाल्या, "साठ सालानंतर त्या लोकांशी बिनसूनही जिवंत राहिलेला माणूस आहे तो. मोठा हात असल्याशिवाय कसा राहील? आणि सत्त्याहत्तरला सगळ्यांची घरं गेली, याचं नाही गेलं."

बाई खोटं बोलत नव्हत्या. वीस-तीस वर्षं त्या हेच ऐकत आल्या होत्या. या शहरातल्या अफवा हसण्यावारी नेता येत नाहीत, कारण त्यातल्या कित्येक खऱ्या निघाल्यात. क्लीव्हलंडची माफिया टोळी आणि पिट्सबर्गची माफिया टोळी, दोघांनाही हे शहर हवं होतं. गाडीत बॉम्ब लावण्याला लोकांनी 'यंग्सटाउन ट्यून-अप' असं नाव पाडलं होतं. १९६३ साली 'सॅटर्डे ईव्हनिंग पोस्ट' या साप्ताहिकाने शहराला 'क्राइमटाउन यूएसए' म्हटलं आणि तो डाग पुसला गेला नाही. १९९६ मध्ये, नाताळच्या आदल्या संध्याकाळी, नुकत्याच निवडून आलेल्या काउंटी प्रॉसिक्युटरला, म्हणजे तिथल्या सरकारी वकिलाला, टोळीच्या माणसांनी त्याच्याच स्वयंपाकघरात गोळ्या घातल्या. तो वाचला. त्यानंतरच्या खटल्यांत न्यायाधीश, शेरिफ (काउंटीचा पोलीसप्रमुख), आधीचा प्रॉसिक्युटर असे कित्येक जण दोषी ठरले. म्हणजे लोक जे दबक्या आवाजात बोलत होते ते खरंच होतं. पण त्याच दबक्या आवाजात साध्या माणसांचीही नावं घेतली जात होती, आणि त्यांचा खटला कुठल्याच कोर्टात उभा राहणार नव्हता.

आजोबांचं घर शेजारच्या कॅम्पबेल गावाच्या चढावर होतं, जिथून खाली नदीकाठी पोलादाचा कारखाना दिसायचा. आता तिथे बहुतेक मोकळी जमीन आहे. घर उतारावर बांधलेलं, त्यामुळे गॅरेज घराच्या पोटात आणि त्याला लागून ते तळघर. आजोबा ८६ वर्षांचे. ऑगस्टमध्ये गॅरेजमध्ये पडले, खुब्याचं हाड मोडलं, अर्धा सांधा बदलला. तीन आठवडे रिहॅबमध्ये काढून घरी आले होते. अशा ऑपरेशननंतरचे नियम मी झोपेतही सांगेन: खुबा ९० अंशांपेक्षा जास्त दुमडायचा नाही, पायावर पाय टाकायचा नाही, पाऊल आत वळवायचं नाही. मोडले तर सांधा निखळतो.

पहिल्याच भेटीत मी सगळ्यांना विचारते तसं त्यांनाही विचारलं होतं, "तुम्हाला काय करता यायला हवंय?" कुणी म्हणतं पोस्टाच्या पेटीपर्यंत चालायचंय, कुणी म्हणतं नातीच्या लग्नात नाचायचंय. आजोबा म्हणाले, "गॅरेजमध्ये गुडघ्यांवर बसायचंय." मी म्हटलं, ते आता जमणार नाही. ते गप्प झाले, आणि पुढच्या तीन भेटींत व्यायाम अगदी मन लावून केला, पण माझ्याशी कामापुरतंच बोलले.

त्या बुधवारी नाडी उतरल्यावर मी वही बाजूला ठेवली. "आजोबा, पडलात तेव्हा नेमकं काय करत होता?"

टीव्हीवर स्थानिक बातम्या लागल्या होत्या. आदल्या संध्याकाळी जिम ट्रॅफिकंट त्याच्या शेतावर ट्रॅक्टर उलटून खाली सापडला होता आणि अत्यवस्थ होता. सकाळी पेट्रोल भरताना माझ्याच मागे उभा असलेला एक जण म्हणाला होता, "ट्रॅक्टर काही आपोआप उलटत नाही." बारा तासही झाले नव्हते आणि अफवा तयार होती.

ट्रॅफिकंटचं नाव इकडच्या वाचकांना माहीत नसेल. १९८० साली तो शेरिफ म्हणून निवडून आला. टोळीवाल्यांकडून पैसे घेतल्याच्या आरोपावरून १९८३ मध्ये खटला झाला, स्वतः वकील नसूनही त्याने आपली बाजू स्वतःच मांडली आणि सुटला. मग सतरा-अठरा वर्षं काँग्रेसमध्ये, म्हणजे अमेरिकेच्या संसदेत. २००२ साली लाचखोरीच्या खटल्यात दोषी ठरला, सभागृहाने ४२० विरुद्ध १ मतांनी त्याला हाकललं, सात वर्षं तुरुंगात काढली. हे सगळं ठाऊक असूनही लोक त्याच्यावर जीव टाकायचे. का, ते मला आजोबांनी सांगितलं.

"१९ सप्टेंबर १९७७. सोमवार. कारखाना बंद करतोय म्हणाले. पाच हजार माणसं. मी एकतीस वर्षं तिथे घालवली होती. पुढे बँका घरं घ्यायला लागल्या, तेव्हा या माणसाने शेरिफ असून लोकांना घराबाहेर काढायला नकार दिला. तीन दिवस जेलमध्ये बसला. पैसे खाल्ले त्याने, मला माहितीय. पण या गल्लीतली पोरं त्या थंडीत घरात झोपली."

मग त्यांनी टीव्ही बंद केला.

"पोरी, तुझ्या गावात बग असतो का?"

मला कळलं नाही. त्यांनी समजावलं. तीन आकडी नंबर सांगायचा, पाच-दहा सेंट लावायचे, संध्याकाळच्या पेपरात शेअर बाजाराचे जे आकडे येतात त्यांच्यावरून नंबर ठरायचा. मी खुर्चीत सरळ बसले. हा तर आमचा आकडा! मटका सुरू झाला तोच मुळी न्यूयॉर्कच्या कापूस बाजाराच्या भावांवर. सकाळचा भाव, संध्याकाळचा भाव, तारेने मुंबईत यायचे. ओपन-क्लोज हे शब्द तिथलेच. आमच्या चाळीखाली पानाच्या गादीवर एक पोरगा चिठ्ठ्या लिहीत बसायचा. बाबा खेळायचे नाहीत, पण त्या पोराला "बस रे, चहा घे" म्हणायचे. तो गुन्हेगार आहे असं चाळीत कुणालाच वाटत नसे. पैसे कुठे जातात हे मात्र सगळ्यांना माहीत होतं.

मी हे सांगितलं तेव्हा आजोबा पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघून बोलले.

"मी तो पोरगा होतो," ते म्हणाले.

डब्याच्या सुट्टीत भट्टीजवळच्या माणसांकडून चिठ्ठ्या आणि चिल्लर गोळा करायची आणि गेटवरच्या एका माणसाला द्यायची. शेकड्यामागे थोडे त्यांचे. फोरमन खेळायचा, गेटवरचा पोलीसही खेळायचा. त्यात आपण काही करतोय असं त्यांना कधी वाटलं नाही. मग १९६२ चा थँक्सगिव्हिंगचा सण आला. दुसऱ्या दिवशी, २३ नोव्हेंबरला, टोळीतलं बडं प्रस्थ असलेला 'कॅडिलॅक चार्ली' कॅव्हॅलारो आपल्या दोन मुलांना फुटबॉलच्या सरावाला न्यायला घराच्या गॅरेजमध्ये गाडीत बसला. किल्ली फिरवली. तो गेला, अकरा वर्षांचा धाकटा मुलगा गेला, थोरला जबर जखमी झाला. हे कुणी केलं ते आजवर सिद्ध झालेलं नाही.

"माझाही मुलगा तेव्हा अकराचाच होता," आजोबा म्हणाले. "सोमवारी मी गेटवर गेलो आणि त्या माणसाला म्हटलं, उद्यापासून मी चिठ्ठ्या आणणार नाही. तो रागावला नाही. माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, ठीक आहे. गाडी जरा जपून चालव."

ते थांबले. मीही काही बोलले नाही.

"त्या दिवशी बर्फ पडत होता. रस्ते निसरडे होते. खरंच काळजीने म्हणाला असेल. मी बावन्न वर्षं विचार करतोय."

दुसऱ्या दिवसापासून रोज सकाळी, घरातलं कुणी गाडीत बसायच्या आधी, ते गॅरेजमध्ये जाऊन गुडघे टेकायचे, टॉर्च मारून गाडीखाली बघायचे आणि बॉनेट उघडायचे. मुलांना सांगायचे, तेल बघतोय. गेटवरचा तो माणूस मेला, त्याच्या वरचे मेले, कारखाना गेला, मुलं दुसऱ्या राज्यांत गेली. बघणं चालू राहिलं. ऑगस्टमधल्या त्या सकाळी गुडघे टेकले आणि उठताच आलं नाही. ऑपरेशन झाल्यापासून बायको न बघितलेली गाडी सुरू करत होती, आणि हे वर खुर्चीत बसून ऐकत होते.

घर कसं वाचलं, तेही बोलण्यातून कळलं. तळघरात त्यांचं दुसरं स्वयंपाकघर होतं, जुन्या इटालियन घरांत असतं तसं. कारखाना बंद झाल्यावर बायकोने तिथे लग्नांसाठी बिस्किटं करायला सुरुवात केली. त्या भागात लग्न म्हटलं की नातेवाइकांनी आणि शेजारणींनी केलेल्या शेकडो बिस्किटांचं एक मोठं टेबल लागतंच. ज्या बायांना नोकरीमुळे वेळ नसे त्या हिच्याकडून करून घ्यायच्या. त्यावर आणि त्यांच्या रात्रपाळीच्या चौकीदारीवर हप्ते गेले. ज्या तळघरात जाऊ नकोस असं मला बजावलं होतं तिथे मी त्या दिवशी जिन्याच्या सरावासाठी त्यांना कमरेला पट्टा बांधून घेऊन गेले. टोमॅटोच्या सॉसच्या बरण्या रांगेने लावलेल्या होत्या आणि भिंतीवर बिस्किटं भाजायचे लोखंडी साचे, हाताळून काळे पडलेले. मला त्यांच्यासमोर उभं राहून रडू आलं. एवढ्या वर्षांत या घरात तिजोरी असल्याच्या गोष्टी गावभर सांगितल्या गेल्या, आणि ती बाई इथे पहाटेपर्यंत उभी होती.

"तुम्ही लोकांना सांगितलं का नाही कधी?" मी विचारलं.

"काय सांगणार? मी त्यांच्यातला नाही म्हणालो असतो, तर लोक म्हणाले असते, त्यांच्यातले असंच म्हणतात. आणि खरं सांगू, चिठ्ठ्या तर मी नेल्याच होत्या. त्या पोराच्या बापाकडे जे पैसे गेले त्यात माझ्या खिशातून गेलेलेही असतील."

घरी जाताना मी खूप विचार केला. असल्या भीतीला खतपाणी घालायचं की नाही? समुपदेशनासाठी नाव सुचवलं, त्यांनी मान हलवून नाही म्हटलं. मी सायकॉलॉजिस्ट नाही. माझं काम एवढंच की माणसाला जे करायचंय ते खुबा न निखळता करता यावं. आणि नाडी माझ्या बोटांखाली धावली होती. रोज सकाळी ती तशी धावणं त्या वयाला परवडणारं नव्हतं.

मुंबईत मॉलच्या दारात वॉचमन गाडीखाली लांब दांड्याचा आरसा फिरवतात, तो मला आठवला. हार्डवेअरच्या दुकानात तसाच मिळाला, दांडा लांब-आखूड करता येणारा. दांड्याला मी छोटा टॉर्च पट्टीने बांधला. चार्टमध्ये उद्दिष्ट लिहिलं: 'पेशंट गॅरेजमध्ये वॉकरच्या आधाराने उभं राहून, न वाकता, लांब दांड्याच्या साधनाने जमिनीलगतची पाहणी दिवसातून एकदा स्वतंत्रपणे करू शकेल.' वरिष्ठांनी फोन करून विचारलं, ही कसली पाहणी? मी म्हटलं, घरातल्या सुरक्षिततेची. त्यांनी सही केली.

२७ तारखेला, शनिवारी, ट्रॅफिकंट वारला. सोमवारी मी गेले तेव्हा आजोबा दाढी करून तयार बसले होते. त्याच्याबद्दल ते बोलले नाहीत, मीही विषय काढला नाही. एकेक पायरी उतरून आम्ही गॅरेजमध्ये गेलो. त्यांची पत्नी चर्चला जायचा कोट घालून, पर्स हातात धरून दाराशी थांबली होती. तिने काहीच विचारलं नाही. आरसा बघून फक्त दिव्याचं बटण दाबलं.

आजोबांनी डावा हात वॉकरवर ठेवला, उजव्याने दांडा पुढे सरकवला. मी पट्टा धरून मागे उभी. पाठ सरळ, खुबा सरळ. पुढची चाकं, मधला भाग, मग मागचा. घाई नाही. आरशात गंजलेला पत्रा आणि सायलेन्सर दिसत होता. एका जागी ते थांबले, आरसा किंचित तिरपा केला, पुन्हा बघितलं.

"तेल गळतंय," ते बायकोला म्हणाले. "येताना मेकॅनिककडे दाखव."

"बरं," ती म्हणाली आणि गाडीत बसली.

मी त्यांचं मनगट धरलं. किल्ली फिरली, इंजिन लागलं, गाडी मागे सरकत उन्हात गेली. ७८. मी ते वहीत लिहिलं आणि आम्ही जिन्याकडे वळलो.