कोळ्याने जाळ्यातून सोडून दिलेला पतंग

तागावर अळी पडली म्हणून कुणी मला शेतावर बोलावेल असं कधी वाटलं नव्हतं. ताग म्हणजे बोरू, आपल्याकडे तो पेरतातच मुळी जमिनीत गाडायला, फुलावर आला की नांगर घालायचा, हिरवळीचं खत झालं, विषय संपला. त्यामुळे त्याच्या किडीची चौकशी करणारा माणूस विरळाच. पण आबा नावाच्या या शेतकऱ्याने बाकीचं रान गाडलं तरी बांधाकडेचा एक पट्टा बियाण्यासाठी राखून ठेवला होता आणि फोनवर एकच पालुपद, "म्याडम, शेंगा पोखरल्यात, कुठलं औषध मारू तेवढं सांगा." मी फोनवर औषध सांगत नाही, पीक बघितल्याशिवाय तर नाहीच, त्यामुळे ऑक्टोबरच्या त्या टळटळीत उन्हात गाडी काढून गेले.

पट्ट्यात पाय टाकला आणि पुढ्यातून पांढरं काहीतरी भुर्रकन उडालं, चार हातांवर जाऊन परत काडीवर बसलं. मग दुसरं, मग तिसरं. आबा म्हणाले ही फुलपाखरं महिनाभर हायत, त्यांचं काय न्हाई, अळीचं बघा. मी म्हटलं आबा, अळी यांचीच आहे, आणि ही फुलपाखरं नाहीत, पतंग आहेत. भर दुपारी बारा वाजता उडणारा पतंग म्हटल्यावर आबांनी माझ्याकडे जरा संशयानेच बघितलं. मग एक बसलेला जवळून दाखवला, मिशा दोऱ्यासारख्या, फुलपाखराला असते तशी टोकाला गाठ नाही, आणि पंख उभे न मिटता पाठीवर कौलासारखे उतरते ठेवलेले. दुधाळ पंखांवर लाल ठिपक्यांच्या आडव्या ओळी आणि त्यांच्यामधून काळे बारीक टिपके. मागचे पंख बसल्यावर दिसतच नाहीत, उडाला की मग पांढरे आणि कडेने वेडीवाकडी काळी किनार असलेले दिसतात. पसरले तर साधारण तीन-चार सेंटिमीटर. नाव उटेथायसा पुलचेला, लिनियसने १७५८ मध्येच नोंदवलेला, आफ्रिका आणि दक्षिण युरोपपासून आपल्यापर्यंत सगळीकडे सापडतो. तागाच्या शेंगा पोखरणारी कीड म्हणून आमच्या यादीत हा असतो, पण खरं सांगायचं तर ती ओळ आम्ही कुणी नीट वाचत नाही.

शेंग फोडून बघितली. तागाची शेंग फुगीर, वरून मखमली लव, आत बिया सुट्या. एका बाजूला गोल भोक, आत काळपट अळी, अंगावर विरळ केस, पाठीवरून पांढरा पट्टा आणि प्रत्येक वळीवर नारिंगी आडवी रेघ. अर्धी बी खाऊन झालेली, बाकी शेंगेत नुसती विष्ठा. एवढ्या भडक रंगाची अळी बघितली की मला पहिली शंका येते ती हीच, ही कुणाला घाबरत का नाही? लपायचं असतं तर हिरवी झाली असती ना. पट्ट्यावर कोतवाल पक्षी बसलेला होता, नाकतोडे टिपत होता, पण हे पतंग त्याच्या पुढ्यातून अगदी सावकाश उडत होते आणि तो ढुंकून बघत नव्हता.

आता खरी गोष्ट. बांधावरच्या करंजापासून तागाच्या काड्यांपर्यंत जायंट वूड स्पायडर नावाच्या एका मोठ्या कोळ्याने जाळं लावलं होतं. पावसाळा संपला की यांच्या माद्या पाय धरून तळहाताएवढ्या होतात, आणि जाळ्याचा धागा उन्हात पिवळाधमक दिसतो. मी आबांना उभ्या उभ्या फवारणीचं समजावत होते तेवढ्यात एक पतंग थेट त्या जाळ्यात जाऊन आदळला. मी बोलणं थांबवलं. माशी किंवा टोळ अडकला की कशी धडपड करतो, याने काहीच केलं नाही, पंख मिटून गप्प पडून राहिला. कोळीण मधून तरातरा आली, पुढच्या पायांनी चाचपलं, तोंड जवळ नेलं, आणि थांबली. मला वाटलं आता चावणार. तर बाईंनी पतंगाच्या भोवतीचे धागे एकेक करून तोडायला सुरुवात केली, अगदी पद्धतशीर, इकडचा एक, तिकडचा एक, शेवटचा तुटला तसा पतंग खाली सुटला आणि जमिनीला टेकायच्या आत उडून गेला. कोळीण परत मधे जाऊन बसली.

आबा म्हणाले, "टाकून दिलं की ओ तिनं!" आणि लगेच त्यांनी गवतातून एक नाकतोडा धरून जाळ्यात फेकला, मला विचारलंसुद्धा नाही. त्याला तिने आल्या आल्या चावा घेतला आणि मग रेशमात गुंडाळला. म्हणजे भूक नव्हती असं काही नाही.

हे मी वाचलेलं होतं, बघितलेलं नव्हतं. अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात थॉमस आयस्नर म्हणून कीटकशास्त्रज्ञ होते, त्यांनी फ्लोरिडातल्या या पतंगाच्या चुलत जातीवर वर्षानुवर्षं काम केलं, तिथेही कोळी असाच धागे तोडून पतंग सोडून देतो. कारण तागाच्या कुळात. ताग, रानातला खुळखुळा, ही सगळी क्रोटालारिया मंडळी, आणि यांच्यात, विशेषतः बियांमध्ये, पायरोलिझिडीन अल्कलॉइड नावाची विषारी द्रव्यं असतात. झाड ती बनवतं कुणी खाऊ नये म्हणून आणि ही अळी नेमकं तेच खाऊन अंगात साठवते, कोषात नेते, पतंग झाला तरी ते अंगात असतंच. आयस्नर यांच्या गटाने विष नसलेल्या खाद्यावर अळ्या वाढवल्या तेव्हा त्यांचे पतंग कोळ्यांनी खाऊन टाकले. म्हणजे कडूपणा रंगातून येत नाही, खाण्यातून येतो. रंग नुसती धोक्याची पाटी.

पण मला त्याहून आवडलेला भाग पुढचा आहे, तो मी आबांना बांधावर बसून सांगितला. नर पतंग याच विषापासून वास तयार करतो, पोटाच्या टोकाशी केसांचे झुबके असतात, ते मादीजवळ बाहेर काढतो. वास जेवढा जास्त तेवढं अंगात विष जास्त, मादी त्यावरून नर निवडते. मग मीलनाच्या वेळी तो शुक्राणूंबरोबर विषाचाही वाटा तिला देतो, आणि ती स्वतःचं थोडं आणि त्याचं थोडं असं मिळून अंड्यांत घालते, म्हणून ती अंडी मुंग्या आणि ढालकिडे नको म्हणतात. आबांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हंजे हुंडा नवऱ्यानं द्यायचा. बरं हाय की."

तिथंच बांधावर सुकलेल्या खुळखुळ्याला चार-पाच ब्लू टायगर फुलपाखरं चिकटून बसली होती, सोंडेने सुकी काडी चाटत. तीही याच मालासाठी येतात, बहुतेक नरच असतात.

मग माझं लक्ष गोठ्याकडे गेलं. आबांनी आधी पिकलेल्या थोड्या शेंगा झोडपून बी काढलं होतं आणि उरलेला भुसा, त्यात बारीक मोडकं बी भरपूर, गव्हाणीशेजारी पोत्यात भरून ठेवला होता. म्हशीला घालणार होते, वाया कशाला घालवायचं म्हणून. इथे मात्र मी हसणं बंद केलं. तागाचा कोवळा पाला जनावरं खातात ते वेगळं, बी वेगळं. हे विष यकृतावर जातं, हळूहळू, एका दिवसात काही दिसत नाही म्हणून तर माणूस फसतो. आणि जनावरांपुरतंच नाही. १९७० च्या दशकात सरगुजा जिल्ह्यात, तेव्हा तो मध्य प्रदेशात होता, आता छत्तीसगडमध्ये, गोंदली नावाच्या भरडधान्यात रानटी क्रोटालारियाच्या बिया मिसळल्या गेल्या, ते धान्य खाऊन लोकांच्या पोटात पाणी झालं, यकृतातल्या बारीक शिरा बंद पडल्या, माणसं दगावली. हे सांगितल्यावर आबा उठले, पोतं उचललं आणि सरळ उकिरड्याच्या खड्ड्यात रिकामं केलं. जनावरांपासून लांब टाका आणि वर माती ओढा, एवढं मी सांगितलं.

राहिला फवारणीचा प्रश्न, ज्यासाठी मी गेले होते. पट्टा जेमतेम दोन गुंठ्यांचा. अळी शेंगेच्या आत, तिथपर्यंत औषध नीट पोचतच नाही. आणि वरच्या शेंड्याला अजून फूल होतं, त्यावर मोठे काळे भुंगे घोंगावत होते. तागाला बी धरायचं तर हे भुंगे आणि मोठ्या मधमाश्या यायलाच लागतात, स्वतःच्या परागावर तो फारसा धरत नाही. उन्हात तिथे कडक औषध मारलं तर अळी राहील आणि भुंगे मरतील, म्हणजे शेंगाच कमी. पक्षी आणि कोळी ही अळी-पतंग खाऊन आपलं काम करतील ही आशा तर त्या दिवशी डोळ्यांदेखत संपलेली होती. म्हणून हाताने. भोक पडलेली शेंग तोडायची, साबणाच्या पाण्याच्या बादलीत टाकायची, सकाळी ऊन चढायच्या आत, घरातली दोन माणसं लागली तर तासाचं काम.

आबांना ते फार पटलं नाही, औषध लिहून दिलं नाही म्हणजे म्याडमनी काहीच केलं नाही असा त्यांचा चेहरा होता, पण शेंगा त्यांनी तोडल्या. नंतर त्यांचा नातू व्हॉट्सॲपवर फोटो पाठवत होता, बादलीत तरंगणाऱ्या शेंगा आणि नारिंगी रेघांच्या अळ्या. बी घरच्या पेरणीपुरतं निघालं, शेजाऱ्यालाही थोडं दिलं. कृषी सेवा केंद्रवाला मात्र अजून भेटला की विचारतो, त्या तागाचं पुढं काय झालं ओ?