एकाच शनिवारी दोन सकाळी

टोकियोहून शनिवारी संध्याकाळी ५ ला निघाले आणि लॉस एंजेलिसला उतरले तेव्हा सकाळचे १० वाजले होते. शनिवारचेच! निघायच्या सात तास आधी पोहोचले म्हणायचं. वाटेत आंतरराष्ट्रीय वाररेषा ओलांडली, त्याची ही करामत. घड्याळ खूश, शरीर मात्र अजिबात फसलं नाही; त्याच्या हिशेबाने पहाटेचे ३ वाजले होते.

अंतर साधारण ८,८०० किलोमीटर. येताना दहा तास लागले, जाताना जवळपास बारा लागले होते. तेच अंतर, तसंच विमान, मग दोन तास गेले कुठे? वाऱ्यात! तिथे उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे जेट स्ट्रीम वाहतो आणि हिवाळ्यात तो चांगलाच जोरात असतो. समोरच्या पडद्यावर वेग ताशी १,१०० किलोमीटरच्या पुढे गेलेला दिसला तेव्हा मी उगाचच पट्टा घट्ट केला. विमान नेहमीच्याच वेगाने चाललं होतं, मागून ढकलत होता तो वारा. जाताना हाच गडी समोरून आडवा.

पडद्यावरच्या नकाशात मार्ग वर उत्तरेकडे वाकलेला होता. शेजारचे आजोबा म्हणाले, "हा एवढा वळसा कशाला घेतोय?" पृथ्वीगोलावर दोरा ताणून धरला तर जवळची वाट अशीच वर जाते; सपाट नकाशावर ती वाकडी दिसते, इतकंच. मी हवेत बोटाने गोल काढून समजावलं. त्यांनी मान डोलावली आणि झोपले.

आता दुपार झालीये, डोळे मिटतायत, आणि शनिवार काही संपत नाहीये.