गॅरेजमधल्या छोट्या सीएनसी मिलिंग मशीनची निगा

संगणकाच्या हुकमाने फिरत्या कटरने धातू कापणारं हे मशीन घरी ठेवायला बहुतेकांच्या वाट्याला येतं ते गॅरेज, आणि थंडीत तिथली खरी शत्रू म्हणजे ओल. रात्रभर गारठलेल्या बिडाच्या टेबलावर उबदार, दमट हवा आली की दव धरतं आणि उघड्या पृष्ठभागावर लगेच तांबूस गंज दिसू लागतो. गॅसचा, धुराडं नसलेला हीटर लावला तर प्रकरण आणखी बिघडतं: एक किलो प्रोपेन जळलं की सुमारे 1.6 किलो पाण्याची वाफ खोलीत येते. त्यापेक्षा मशीनवर जाड कापडी आवरण आणि आत एखादा छोटा विजेचा हीटर ठेवावा. बीड हवेपेक्षा दोन-तीन अंश गरम राहिलं तरी दव धरत नाही.

स्लाइडना, म्हणजे टेबल ज्यांवर सरकतं त्या घासत्या पृष्ठभागांना, स्लाइडवेचंच तेल द्यावं, आयएसओ व्हीजी 68 (हा दाटपणाचा दर्जा). ते चिकटून राहतं आणि टेबल अडखळू देत नाही. डब्ल्यूडी-40 गंज सैल करायला ठीक, पण स्लाइडवर मारलं तर आधीचं तेलही धुऊन काढतं. स्लाइडऐवजी लिनिअर रेल (गोळ्यांवर सरकणारी पट्टी) असेल तर तेल की ग्रीस हे मॅन्युअलमध्ये पाहा. दोन्ही एकत्र करू नका. हातपंपाचं तेल सगळीकडे पोचतंय असं गृहीत धरू नये. सगळ्यात लांबच्या नळीचा नट सैल करून पंप ओढा. थेंब आला नाही तर वाटेतली जाळी किंवा मीटरिंग फिटिंग (तेल मोजून सोडणारा जोड) तुंबलंय.

चिप्स ब्रशने आणि व्हॅक्यूमने काढाव्यात. एअर गन स्लाइडकडे रोखू नका, बारीक चिप्स वायपरखाली (स्लाइड पुसणाऱ्या रबरी पट्टीखाली) घुसतात आणि मग टेबल प्रत्येक फेरीत स्वतःलाच घासत राहतं.

आता बॅकलॅश, म्हणजे दिशा बदलताना टेबल हलण्याआधी वाया जाणारी हालचाल. जॉबचं (कापायच्या तुकड्याचं) माप चुकलं की बरेच जण थेट कंट्रोलरमध्ये कॉम्पेन्सेशन, म्हणजे तेवढी भरपाई, टाकतात. हे मला अजिबात पटत नाही. सॉफ्टवेअर दिशा बदलताना टेबल सरकवणारा स्क्रू थोडा जास्त फिरवतं, एवढंच. टेबलातला ढिलेपणा तसाच राहतो आणि क्लाइम मिलिंगमध्ये, म्हणजे कटरचे दात जॉब सरकतो त्याच दिशेने कापतात तेव्हा, कटर टेबल खेचून घेतो. आधी डायल (बारीक हालचाल काट्यावर दाखवणारं मापक) लावा. अक्ष एकाच दिशेने सरकवत आणून डायल शून्य करा, त्याच दिशेने 0.10 मिमी पुढे जा, मग 0.10 मागे या. काटा 0.03 वर थांबला तर हरवलेली हालचाल 0.03 मिमी आहे.

ती कुठे हरवते हे शोधण्यात खरी मेहनत आहे. हीच पुढे-मागे हालचाल बऱ्याच वेळा करून पाहा. चूक तेवढीच राहिली तर प्ले, म्हणजे सांध्यातला ढिलेपणा, आहे. वाढत गेली तर मोटर आणि स्क्रू जोडणारं कपलिंग घसरतंय किंवा स्टेपर (टप्प्याटप्प्याने फिरणारी मोटर) स्टेप्स सोडतोय. कपलिंग आणि शाफ्टवर मिळून मार्करने एक रेघ मारली की घसरणं डोळ्यांनी दिसतं. प्ले असेल तर मोटर चालू ठेवून, म्हणजे ती स्क्रू धरून ठेवेल अशी, टेबल हाताने ढकला-ओढा. स्क्रूच्या टोकाच्या सेंटर होलमध्ये ग्रीस लावून स्टीलची एक गोळी बसवा आणि डायलचं सपाट टोक तिच्यावर टेकवा. काटा हलला तर स्क्रूच पुढे-मागे होतोय, म्हणजे बेअरिंगचा लॉक नट ढिला. स्क्रू जागेवर आणि टेबल मात्र हलतंय, तर बॉलनट (स्क्रूवर फिरून टेबल ओढणारा नट) किंवा त्याचे बोल्ट ढिले. लॉक नट आवळताना जोर लावू नका. बेअरिंग तापू लागलं तर प्रीलोड (बेअरिंगवरचा आवळलेला दाब) जास्त झालाय.

डव्हटेल (तिरप्या कडांच्या) स्लाइडवर गिब, म्हणजे मधली फट भरणारी पट्टी, फार घट्ट झाला तरी हुबेहूब बॅकलॅशसारखंच दिसतं, कारण टेबल सुटण्याआधी स्क्रूचा आधार किंचित वाकतो. शिवाय जुन्या मशीनच्या स्लाइडचा मधला भाग जास्त झिजलेला असतो. मध्यावर गिब नीट बसवला की टोकांना टेबल जाम होतं. म्हणून तिन्ही ठिकाणी तपासून, सगळ्यात घट्ट जागेला सोसेल एवढाच आवळा.

थंडीत आणखी एक गोष्ट धरून चालायला हवी. पोलादाचा 300 मिमी स्क्रू 10 अंशांनी तापला की जवळपास 0.035 मिमी लांबतो. नेमकं काम असेल तर आधी स्पिंडल (कटर फिरवणारा दांडा) मध्यम वेगाने दहा-पंधरा मिनिटं फिरवा, अक्षही पूर्ण ट्रॅव्हलभर हलवा आणि मगच जॉबचा झीरो (मापाचा आरंभबिंदू) घ्या.

कुलंट (कापताना गारवा देणारं तेल-पाण्याचं मिश्रण) बनवताना पाण्यात तेल ओतावं, तेलात पाणी नाही. उलट केलं तर मिश्रण नीट जमत नाही. प्रमाण बाटलीवर असतं, आणि रिफ्रॅक्टोमीटरचं (मिश्रणाचं प्रमाण मोजणाऱ्या उपकरणाचं) वाचन तिथे दिलेल्या गुणकाने गुणायचं असतं. वर तरंगणारं स्लाइडचं तेल काढत राहा, त्याच्याखाली हवा पोचत नाही आणि टाकी नासून वास मारू लागते. मशीन बरेच दिवस बंद राहणार असेल तर टेबलावरचं कुलंट पुसून तेलाचा पातळ हात फिरवा आणि व्हाइस (जॉब पकडणारा शिकंजा) उचलून ठेवा. व्हाइसखाली अडकलेलं पाणी वरून दिसत नाही, टेबलावर व्हाइसच्या आकाराचा गंज मात्र उमटतो.