एनव्हीडीए+शिफ्ट+डी : एक की, तीन दावेदार

एनव्हीडीए, म्हणजे पडद्यावरचं वाचून दाखवणारा माझा स्क्रीन रीडर, त्याची एनव्हीडीए+शिफ्ट+डी ही की दर वेळी वेगळंच काम का करायची, ते सापडलं एकदाचं! (की-मधलं ‘एनव्हीडीए’ म्हणजे त्याची खास की, सहसा इन्सर्ट.) मागच्या नोंदीत अपडेटच्या नावाने जे काही बोललो ते परत घेतो. अपडेटचा यात काहीच दोष नव्हता.

तुम्हाला आठवत असेल, ही की कधी शब्दकोश उघडायची, कधी डाउनलोड किती टक्के झालं ते सांगायची. एकदा काय ते ठरवून टाकलं असतं तरी चाललं असतं. पण सकाळी शब्दकोश, दुपारी रिस्टार्ट केलं की टक्केवारी. अ‍ॅड-ऑन तेच, सेटिंग तेच. (अ‍ॅड-ऑन म्हणजे एनव्हीडीएला जोडायचे छोटे प्रोग्राम; शब्दकोश एकाचा, टक्केवारी दुसऱ्याची.) मुळात ही की ऑडिओ डकिंगची, म्हणजे एनव्हीडीए बोलताना इतर आवाज खाली करण्याची, पण ते बिचारं कधी बोललंच नाही.

पहिला गाढवपणा माझाच. माझ्या शॉर्टकटच्या तक्त्यात शोधलं तर टक्कर दिसेना. कारण एका अ‍ॅड-ऑनच्या माहितीत ‘एनव्हीडीए+शिफ्ट+डी’ लिहिलेलं, दुसऱ्याच्या माहितीत ‘शिफ्ट+एनव्हीडीए+डी’, आणि मी दोन्ही जसंच्या तसं उतरवलेलं. एनव्हीडीएला दोन्ही सारखंच, माझ्या शोधाला नाही. (तक्ता आता एक्सेलमधून साध्या नोटपॅडमध्ये आणलाय. सेल ओलांडत कान किटवण्यापेक्षा एका ओळीत एक की बरी.)

मग एनव्हीडीए+१ ने इनपुट हेल्प (की काय करते ते नुसतं सांगणारी सोय) चालू करून की दाबली. आवाजात नुसतं वर्णन येतं, पण लॉगमध्ये, म्हणजे एनव्हीडीएच्या नोंदवहीत, कोणती स्क्रिप्ट (आज्ञेमागचा कोड), कोणत्या मॉड्यूलची (कोडच्या कोणत्या भागातली), हे सगळं उतरतं. एनव्हीडीए+एफ१ ने लॉग उघडला. रिस्टार्ट, पुन्हा तेच, पुन्हा लॉग. सहाव्या खेपेला मॉड्यूलचं नाव बदललं!

की दाबली की एनव्हीडीए आधी ग्लोबल प्लगइन (सगळीकडे चालणारे अ‍ॅड-ऑन) बघतो, मग अ‍ॅप मॉड्यूल (एकाच प्रोग्रामसाठीचा कोड), मग ट्री इंटरसेप्टर (वेबपानासारखा मजकूर हाताळणारा भाग), मग फोकसवरचा ऑब्जेक्ट (आपण आत्ता जिथे आहोत ते बटण वगैरे), आणि स्वतःच्या आज्ञा पार शेवटी. म्हणून डकिंग हरलं, इथवर ठीक. पण दोन ग्लोबल प्लगइन एकाच पायरीवर उभे असतील तर? चालू प्लगइन पायथन या प्रोग्रामिंग भाषेतल्या सेटमध्ये, म्हणजे एका गठ्ठ्यात, ठेवलेले असतात, आणि सेटला क्रमाची हमी नसते. जो आधी हाती लागेल त्याची की. म्हणजे तीन आठवडे मी सोडतीचा निकाल ऐकत होतो.

उपाय सोपा वाटला: इनपुट जेश्चर्समध्ये (कोणती की कोणाला ते ठरवायच्या खिडकीत) जाऊन ही की डकिंगला स्वतः देऊन टाकायची. दिली. तरी शब्दकोशच उघडला! आपली नेमणूकही त्या-त्या पायरीवरच तपासली जाते. वरच्या पायरीवर प्लगइनने की उचलली की खालच्या नेमणुकीपर्यंत गाडी पोचतच नाही. नुसती की देऊन भागत नाही, ती दुसऱ्याकडून काढूनही घ्यावी लागते. दोन्ही अ‍ॅड-ऑनखाली जाऊन ‘काढा’ केलं, त्यांना वेगळ्या की दिल्या, आणि गाडी रुळावर आली.

आता जरा शेखी मिरवतो. एनव्हीडीए+कंट्रोल+झेडच्या पायथन कन्सोलमध्ये चालू प्लगइनवर लूप फिरवून प्रत्येकाचा जेश्चर मॅप (कोणती की कोणत्या आज्ञेला, याची यादी) छापला आणि दोनदा आलेल्या की वेगळ्या काढल्या. आणखी चार टकरी निघाल्या! त्यातल्या दोन की मी आजवर कधी दाबल्याच नव्हत्या. आता वाटतं, हाताने तक्ता भरायचाच कशाला? हाच तुकडा दर रिस्टार्टला फाइल लिहील असा छोटा अ‍ॅड-ऑन करावा.

एक पाचर आहे. लेयरवाले अ‍ॅड-ऑन, म्हणजे आधी एक की आणि मग एक अक्षर, आपली अक्षरं ऐनवेळी बांधतात. ती ना या यादीत येतात, ना इनपुट जेश्चर्सच्या खिडकीत. लिहिता लिहिता सुचलं: या अक्षरांची टक्कर बाहेर होतच नाही. मग यादी करण्यापेक्षा क्वचित लागणाऱ्या सगळ्या आज्ञा माझ्याच एका लेयरखाली का ढकलू नयेत? फाइल लिहिणारा अ‍ॅड-ऑन थांबला, आधी हे.

तोवर एनव्हीडीए+शिफ्ट+डीने डकिंगचा मोड बदलतोय. गरज नसताना दिवसातून चारदा दाबून बघतो.