घाट उतरला की गाडी डावीकडे ओढायची

गाडी एका बाजूला ओढते असं कुणालाही सांगा, तुमचं वाक्य संपायच्या आत उत्तर येतं, ‘अलाइनमेंट करून घ्या.’ आम्हालाही सगळ्यांनी हेच सांगितलं. अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे कोन मशीनवर जुळवणं, झाली, पैसे गेले, ओढणं तसंच राहिलं. शेवटी दोष सापडला तो ब्रेकमध्ये. शोध कसा लागला ते सविस्तर लिहितोय, कारण हा दोष घाटात जिवावर बेतू शकतो आणि गॅरेजच्या दारात उभ्या गाडीत तो दिसतच नाही.

आम्ही वाईला राहतो. बायको पाचगणीला शाळेत शिकवते, त्यामुळे आमची छोटी हॅचबॅक शाळा असेल तेव्हा पसरणी घाट चढते आणि उतरते. पावसाळा सरत आला तेव्हा ती म्हणाली, “अहो, येताना गाडी डावीकडे जाते. सकाळी जाताना काही नसतं.”

तिच्या बोलण्यातला दुसरा भागच पुढे उपयोगी पडला. पण सोप्या गोष्टी आधी तपासून घेतल्या. ड्रायव्हरच्या दाराजवळच्या खांबावर कंपनीचं स्टिकर असतं, त्यावर हवेचा आकडा असतो. चारी टायर थंड असताना त्याप्रमाणे हवा भरली. पुढच्या एका चाकात हवा कमी असेल तर गाडी त्या बाजूला झुकते. आमची हवा बरोबरच होती.

मग रस्ता. आपल्याकडचे रस्ते मधे उंच आणि कडेला उतरते बांधतात, पाणी वाहून जावं म्हणून. मीटरला साधारण दोन-अडीच सेंटिमीटर ढाळ असतो. आपण डावीकडून चालवतो, म्हणजे गाडी कायम डाव्या उतारावर. स्टेअरिंग सैल सोडलं तर चांगली गाडीसुद्धा हळूहळू डावीकडे सरकते. म्हणून रविवारी सकाळी एमआयडीसीतल्या मोकळ्या, सपाट रस्त्यावर गाडी नेली. तिथे ती नाकासमोर चालली. त्याच दिवशी घाट उतरून आलो, तर सुरूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर स्टेअरिंग उजवीकडे धरून ठेवावं लागलं. ढाळामुळे इतका जोर लागत नाही.

टायरचाही दोष असू शकतो. रेडियल टायरच्या आतले पट्टे किंचित एका बाजूला बसले असतील तर टायर शंकूसारखा फिरतो आणि गाडी ओढतो. वरून बघून हे कळत नाही, पण तपासायची रीत सोपी आहे. पुढची दोन चाकं आपसात बदलायची. ओढ उजवीकडे गेली तर टायर दोषी. फक्त टायरवर फिरण्याच्या दिशेचा बाण नाही ना, ते आधी पाहायचं. बाण असेल तर अशी अदलाबदल चालत नाही. आम्ही चाकं बदलली. ओढ डावीकडेच राहिली.

अलाइनमेंटसाठी साताऱ्याला गेलो. मशीनचा कागद हातात आला तेव्हा मी तिथल्या मुलाला एकेक आकडा विचारला, आणि त्याने कंटाळा न करता सांगितलं. टो म्हणजे वरून पाहिलं तर चाकं आत वळलीत की बाहेर. तो बिघडला तर टायर झिजतात, स्टेअरिंग वाकडं बसतं, पण गाडी सहसा ओढत नाही. ओढतात ते कॅम्बर (समोरून पाहिलं तर चाक वरच्या बाजूला आत किंवा बाहेर किती कललंय; बाहेर कललं की पॉझिटिव्ह) आणि कॅस्टर (बाजूने पाहिलं तर चाक वळण्याचा अक्ष मागे किती कललाय). ज्या बाजूचा कॅम्बर जास्त पॉझिटिव्ह, तिकडे गाडी जाते. कॅस्टरचं उलट, ज्या बाजूला तो कमी, तिकडे ओढ. आमच्यासारख्या बहुतेक छोट्या गाड्यांत पुढच्या चाकांचे हे दोन्ही कोन कारखान्यातच ठरलेले असतात. मशीनवर फिरवतात तो टो. म्हणजे कॅम्बर खरोखरच बिघडला असेल तर काहीतरी वाकलंय किंवा सांध्यातला रबरी बुश गेलाय, आणि ते आधी दुरुस्त करावं लागतं. आमचे आकडे दोन्ही बाजूंना जवळजवळ सारखे होते. स्टेअरिंग वाकडं असणं आणि गाडी ओढणं या वेगळ्या तक्रारी आहेत, हे मला तिथे नीट समजलं.

नंतर एका गॅरेजमध्ये गाडी दाखवली. मेकॅनिकने गल्लीत चक्कर मारली आणि म्हणाला, “साहेब, गाडी सरळ चालतीय की.” त्याचं चुकलं नव्हतं. गाडी थंड होती.

तेव्हा मी बायकोच्या वाक्याकडे परत आलो. वाकलेला पार्ट काय, बिघडलेला कोन काय, सकाळ-संध्याकाळ तसाच राहतो. सकाळी नाही आणि संध्याकाळी आहे, चढताना नाही आणि उतरल्यावर आहे, असं काय असतं? उतरताना पाय सारखा ब्रेकवर असतो. एका नातेवाइकाकडून बॉयलरच्या कामात वापरतात ते तापमान मोजायचं गन आणलं. (कोरोनात घरोघरी आलेलं कपाळाचं थर्मामीटर इथे कामाचं नाही, ते तापापुरतंच मोजतं.) घाट उतरून थोडं सपाटीला चालवलं, गाडी बाजूला घेतली आणि चाकाच्या फटीतून ब्रेकच्या डिस्कवर, म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या चकतीवर, नेम धरला. उजवी 70 अंशांच्या आसपास. डावी 150 च्या वर. वासही येत होता, डिस्कवर दाबून ब्रेक लावणाऱ्या पॅडच्या जळण्याचा.

वाईत एक जुने मिस्त्री आहेत, सगळे त्यांना काका म्हणतात. आकडे ऐकल्यावर त्यांनी बायकोलाच विचारलं, “ताई, ब्रेक दाबल्या दाबल्या गाडी कुठं जाती?” ती म्हणाली, “अगदी थोडी उजवीकडे. सोडल्यावर मात्र डावीकडे.” काकांनी मान हलवली. “असंच गरम करून आणा मला. थंड गाडी बघून उपयोग नाही.”

आम्ही घाटातून थेट त्यांच्याकडे गेलो. त्यांनी डावं चाक जॅकवर घेतलं. हाताने फिरवायला गेलो तर दोन्ही हात लावूनही चाक जेमतेम हललं. आता प्रश्न असा की कॅलिपर, म्हणजे पिस्टनने पॅड डिस्कवर दाबणारा भाग, अडकलाय की त्याच्यात तेलाचा दाब कोंडलाय. काकांनी कॅलिपरच्या तेल सोडायच्या निपलवर पारदर्शक नळी चढवली, रिंग पान्याने निपल पाऊण आटा सैल केला. काळपट तेलाची एक चिळकांडी नळीत आली आणि त्या क्षणी चाक हातासरशी मोकळं फिरलं. पिस्टन किंवा पिना गंजून बसल्या असत्या तर निपल उघडूनही चाक घट्टच राहिलं असतं. “कॅलिपर चांगला आहे,” काका म्हणाले. “होज गेला.”

ब्रेकचा होज, म्हणजे कॅलिपरपर्यंत तेल नेणारी रबरी नळी, बाहेरून धड दिसत होता. काढल्यावर त्यांनी तो करवतीने कापून दाखवला. आतलं रबर फुगून भोक इतकं बारीक झालं होतं की टाचणीही अडखळत गेली. पाय दाबला की तेल जोराने जातं, त्यामुळे ब्रेक लागतो, पण डावीकडे जरा उशिरा, म्हणून पहिला झोल उजवीकडे. पाय काढल्यावर तेलाला मागे ढकलायला जोर फारच थोडा असतो. पिस्टनच्या सीलने ताणातून मागे येताना दिलेला, तेवढाच. त्यामुळे सायकलच्या वॉल्व्हसारखं आत गेलेलं तेल तिथेच अडकतं आणि पॅड डिस्कला घासत राहतात. गाडी अर्धा तास उभी राहिली की तेल झिरपून मागे येतं. सकाळी सगळं ठीक.

तेलाबद्दल काकांनी जे सांगितलं त्याने मी खरंच धास्तावलो. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं. डॉट 4 या ग्रेडचं तेल नवं असताना किमान 230 अंशांपर्यंत उकळत नाही. पाणी शोषलेल्या तेलाची प्रमाणित मर्यादा 155 अंशांवर येते. डॉट 3 ची आणखी खाली, 140 ला. आमची डावी डिस्क काही मिनिटं सपाटीला चालून आल्यावर 150 च्या वर होती, ऐन उतारावर किती असेल? तेल उकळलं की वाफ होते, वाफ दबते, आणि पेडल तळाला जातं. पसरणीच्या एखाद्या वळणावर हे व्हायला नको.

दोन्ही बाजूंचे होज बदलले, कारण उजवाही तितकाच जुना होता. डावे पॅड जवळजवळ पत्र्याला आले होते, म्हणून पुढचे चारही पॅड नवे घातले. ब्रेक ऑइलच्या टाकीच्या झाकणावर लिहिलेलं असतं त्याच ग्रेडचं तेल पूर्ण बदलून एअर काढली. सगळं मिळून साडेतीन हजारांच्या आसपास आलं.

दुसऱ्या दिवशी घाट उतरून पुन्हा मोजलं. दोन्ही डिस्कमध्ये 5-7 अंशांचाच फरक होता. सुरूरच्या रस्त्यावर स्टेअरिंग सैल धरलं तर गाडी अजूनही जराशी डावीकडे जाते, पण तो रस्त्याचा ढाळ आहे. ब्रेक ऑइल दर दोन वर्षांनी बदलायचं आणि त्याच वेळी होज वाकवून चिरा बघायच्या, असं काकांनी सर्व्हिसच्या वहीत स्वतःच्या हाताने लिहून दिलंय.