मोगरा, होया आणि फॅलेनॉप्सिस: कात्री कोठे चालवावी

या हंगामात मोगरा, होया हा वेल आणि फॅलेनॉप्सिस हे ऑर्किड ही माझ्या आवडीची तिन्ही झाडे थोड्याफार अंतराने कळ्यांवर आली आहेत. त्यामुळे या वेळची नोंद खतपाण्यापेक्षा छाटणीविषयी अधिक आहे, कारण झाड फूल नेमके कोठे धरते हे पाहिल्याशिवाय कात्री हाती घेऊ नये, असे माझे मत दिवसेंदिवस पक्के होत चालले आहे.

मोगऱ्याचा पहिला बहर ओसरला. मोगरा नव्या फुटव्यांच्या शेंड्यांवर कळ्या धरतो. म्हणून फुले संपताच प्रत्येक फांदीवर पानांच्या दोन-तीन जोड्या राखून वरचा भाग कापून टाकला. पाने समोरासमोर येत असल्यामुळे कापलेल्या जागेखालच्या पेरातून बहुधा दोन फुटवे निघतात आणि पुढच्या बहराला शेंड्यांची संख्या वाढते. मात्र रोज निदान पाच-सहा तास थेट ऊन मिळत नसेल, तर कितीही छाटले तरी पालाच माजतो, आणि नत्राचे प्रमाण अधिक असलेले खत त्याला हातभारच लावते. सध्या नवे फुटवे वीतभर झाले असून त्यांपैकी काहींच्या टोकाला बारीक कळ्या दिसतात. जास्वंदही नव्या वाढीवरच फुलते, त्यामुळे तिलाही हाच न्याय लावला.

होयाच्या बाबतीत नियम अगदी उलटा आहे. होया कार्नोसाचा फुलोरा ज्या आखूड देठावर येतो तो देठ फुले गळल्यावरही वेलावर टिकून राहतो आणि पुढील हंगामात त्याच्याच टोकाला नव्या कळ्या येतात. वाळल्यासारखा दिसणारा हा खुंट नीटनेटकेपणाच्या हौसेने तोडला, की पुढच्या बहराची तयार जागाच गेली. वेलाच्या लांबलचक, पाने नसलेल्या शेंड्यांनाही मी हात लावत नाही, कारण त्यांच्यावर पाने मागाहून येतात. या वर्षी कळ्या जुन्याच देठांवर धरल्या आहेत. त्या भरेपर्यंत कुंडी जागेवरून हलवायची नाही आणि माती पूर्ण कोरडी पडू द्यायची नाही, एवढेच पथ्य आहे. जाता जाता सांगावेसे वाटते, की १८१० मध्ये रॉबर्ट ब्राउन या वनस्पतिशास्त्रज्ञाने या प्रजातीला थॉमस हॉय या माळ्याचे नाव दिले. वनस्पतींच्या नावांत आश्रयदात्यांची गर्दी पाहता हा मान मला विशेष वाटतो.

फॅलेनॉप्सिस या दोहोंच्या मधला आहे. तापमान सलग काही आठवडे साधारण २५ अंश सेल्सिअसच्या खाली राहिले, की पानांच्या बेचक्यातून फुलदांडा निघतो. सुरुवातीला तो मुळासारखाच दिसतो, परंतु मुळाचे टोक गोल व गुळगुळीत असते, तर दांड्याचे टोक चपटे आणि किंचित एका बाजूला झुकलेले असते. दांडा उजेडाकडे वळत वाढत असल्यामुळे तो दिसल्यापासून कुंडी फिरवणे थांबवले आहे. पाणी मुळांचा रंग पाहूनच देतो: चंदेरी असतील तर भिजवतो, हिरवी असतील तर थांबतो.

फुले दोन-तीन महिने टिकून गळाली, की दांड्याचे काय करावे हा प्रश्न नेहमी विचारला जातो. हिरव्या दांड्याला खालच्या एखाद्या सुप्त पेराच्या वर कापल्यास तेथून आडवा फाटा फुटून पुन्हा फुले येऊ शकतात; मात्र ती संख्येने व आकाराने लहान असतात आणि झाडाची शक्ती त्यात खर्च होते. म्हणून पाने जाड, ताठ आणि मुळे सशक्त असलेल्या झाडांचाच दांडा पेरावर कापायचा, आणि पाने सुरकुतलेल्या झाडांचा तळापासून काढायचा, असे ठरवले आहे. ऑर्किडचे काही विषाणू रसातून पसरतात. त्यामुळे एका झाडावरून दुसऱ्याकडे जाताना कात्रीची पाती ज्योतीवर धरून तापवणे मी कधीच टाळत नाही.