नवोदयला कोणाला बसवायचं?

नवोदयच्या प्रवेश परीक्षेचे फॉर्म सुटले की आमच्या केंद्रातल्या सगळ्या शाळांत एकच चर्चा, यंदा कोणाकोणाला बसवायचं. मी बीड जिल्ह्यात झेडपीच्या शाळेवर आहे, पाचवीचा वर्ग बरीच वर्षं माझ्याकडेच आहे, आणि माझं उत्तर पण ठरलेलं असायचं. वर्गातली पाच-सहा हुशार पोरं, ज्यांचे आईवडील बोलावलं की येतात, ज्यांचं आधार-बिधार नीट आहे, त्यांचे फॉर्म भरायचे. बाकीच्यांना विचारायचं सुद्धा नाही.

नवोदय विद्यालयं 1986 च्या शैक्षणिक धोरणातून आली ती मुळात खेड्यातल्या पोरांसाठीच. आमच्या जिल्ह्याचं गेवराई तालुक्यात गढी गावाला आहे. सहावीला जास्तीत जास्त 80 मुलं घेतात, कमीत कमी 75 टक्के जागा ग्रामीण भागाला, एक तृतीयांश मुलींना. राहणं, जेवण, गणवेश, पुस्तकं सगळं फुकट. फॉर्मला फी नाही, पेपर मराठीतून देता येतो. पण सहावीच्या प्रवेशाची संधी एकदाच, पाचवीत असताना. ते वर्ष गेलं की गेलं.

हे मला तोंडपाठ होतं तरी एका वर्षी मी एका पोरीचा फॉर्म भरला नाही. आईवडील ऊसतोडीला कोयत्यावर जाणारे, मुकादमाकडून आगाऊ पैशांची उचल घेतलेली, दिवाळीनंतर टोळीबरोबर ही पण जाणार असं मी धरूनच चालले, परीक्षा जानेवारीत, मग कशाला भरायचा. वाचनात पण ती जरा अडखळायची. त्या वर्षी नेमकं झालं असं की धाकट्या भावाला सांभाळायला तिला आजीजवळ ठेवलं. परीक्षेच्या शनिवारी माझी सहा पोरं जीपमधून तालुक्याला गेली आणि ही वर्गात बसलेली होती. मी फळ्यावर काढायचे ना, कागदाची घडी घालून भोक पाडलं तर उघडल्यावर कसं दिसेल, ती आकृती तिला सगळ्यांच्या आधी यायची. हे मला त्या दिवशी आठवलं, जुलैत फॉर्म भरताना नाही आठवलं.

पुढच्या वर्षी व्हरांड्यात मला थांबवून तिनं विचारलं, मॅडम, आता सहावीतून बसता येतं का? मी नाही म्हटलं. बरं म्हणाली आणि वर्गात गेली. मला अजून ते "बरं" ऐकू येतं.

तेव्हापासून मी सगळ्यांचे फॉर्म भरते. सगळ्यांचे म्हणजे सगळ्यांचे. सोबतचे शिक्षक म्हणतात, मॅडम, ज्याला धड वाचता येत नाही त्याला दोन तास पेपरसमोर बसवून काय मिळवणार, पोरगं खचतं. हे म्हणणं खोटं नाहीये, मी एका मुलाला बाहेर येऊन रडताना पाहिलंय. पण पेपर तरी बघा ना, 80 प्रश्न, त्यातले 40 मानसिक क्षमतेचे, 100 पैकी 50 मार्क त्याचेच, आणि ते सगळे आकृत्यांचे. वेगळी आकृती ओळखा, आरशातली प्रतिमा, लपलेली आकृती. वाचन कच्चं असलेल्या पोराला तिथे पूर्ण वाव आहे. चुकलं तर मार्क कापत नाहीत. उलट आम्ही निवड करतो ती बहुतेक वाचन आणि अक्षर बघून, म्हणजे चाळणीच चुकीची. ज्याला स्वतःलाच नको असेल त्याला मी जबरदस्ती करत नाही, पण "नको" हे त्यानं म्हणायचं, मी नाही.

मला वाटतं ही सवय आपल्याला स्कॉलरशिपनं लावली. तिथं बसलेल्यांपैकी पास किती, शाळेचा टक्का किती, हे मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर वाचतात, मग कच्च्या पोराचं नाव हळूच गळतं, आणि तेच आपण नवोदयला करतो जिथं असा टक्का मला आजवर कोणी विचारलेला नाही. जिल्ह्यातून 80 घेणार, म्हणजे बहुतेकांचं होणार नाहीच, हे मी पोरांना पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगते. पण डिसेंबरपर्यंत रोज एक तास आकृत्या सोडवताना जे पोरगं एरवी मागच्या भिंतीला टेकून बसतं ते पुढे सरकतं, ते तरी कुठं वाया जातंय.

काम वाढतं, खरंय. फोटो, पालकांची सही, रहिवासी दाखला, आधारवर एक नाव आणि शाळेत दुसरं. कारखान्याला जाणाऱ्या घरांना आधीच गाठावं लागतं, पोरगं आजीकडे राहणार की हंगामी वसतिगृहात हे विचारून ठेवावं लागतं, आणि परीक्षेच्या दिवशी त्याला केंद्रावर कोण नेणार हे पण.

यंदा पाचवीत 14 आहेत. 13 फॉर्म झाले. चौदाव्याच्या आईचा फोन लागत नाहीये, उद्या शाळेच्या आधी वस्तीवर जाऊन येते.